कॅनडा बाल्सम : फुलकिड्यांच्या स्लाइडसाठी तीन वर्षं वापरल्यावर

तीन वर्षांत कॅनडा बाल्समची, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा किडा काचपट्टीवर कायमचा बसवणाऱ्या राळेची, दुसरी बाटली तळाला आली. तिसरी मागवण्याआधी लिहून टाकते, कारण मी घेतली तेव्हा आमच्या कामासाठी हा बाल्सम कसा पडतो हे मराठीत सांगणारं कुणी भेटलं नव्हतं.

आमचं काम म्हणजे फुलकिडे. मिरचीवाले शेतकरी ज्यांना थ्रिप्स म्हणतात, तेच. पानांवरच्यांची चर्चा खूप होते, कारण ते नुकसान करतात. मला ओढ आहे ती फुलात राहणाऱ्यांची. साताऱ्यात कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाले, तेव्हापासून सकाळी तगर, शेवगा, मोगरा, शेवंती यांची फुलं पांढऱ्या ताटलीवर झटकायची आणि धावणारे ते एक-दीड मिलिमीटरचे जीव ओल्या कुंचल्याने टिपून अल्कोहोलात टाकायचे, हा माझा नेम आहे.

ताटलीत ते सगळे सारखेच दिसतात. थ्रिप्स याच नावाची प्रजाती (जवळच्या जातींचा गट) की फ्रँकलिनिएला ही दुसरी, हे ठरवायला आठव्या उदरखंडावरचे सूक्ष्म केसांचे कंगवे पाहावे लागतात. ते श्वासरंध्राच्या पुढच्या अंगाला असले तर फ्रँकलिनिएला, मागच्या अंगाला असले तर थ्रिप्स. जात ठरवायची तर किड्याच्या डोक्यावरच्या बारीक साध्या डोळ्यांजवळच्या केसांच्या जोड्या, पुढच्या पंखाच्या शिरेवरचे केस, शृंगिकेच्या (अँटेनाच्या) तिसऱ्या-चौथ्या खंडावरचे दुबेळके संवेदनशंकू हे सगळं मोजायचं असतं. किडा पारदर्शक झाला नाही, पंख मिटलेले राहिले किंवा शृंगिका वाकली, तर मोजणं संपलं.

आधी मी किडा बसवायला बाल्समऐवजी गम-क्लोरलचं (डिंक आणि क्लोरल हायड्रेटचं) माध्यम वापरत होते. त्याचं श्रेय त्याला देते : काम झटपट होतं आणि फिकट केस त्यात बाल्समपेक्षा ठळक दिसतात. पण ते पाण्यावर बनलेलं. दोन पावसाळ्यांत माझ्या स्लाइडच्या कडा फुटल्या आणि आत स्फटिक धरले. तगरीवरच्या एका जातीच्या माझ्याकडे दोनच माद्या होत्या, त्या दोन्ही त्यात गेल्या. आजही त्या स्लाइड फेकवत नाहीत.

कॅनडा बाल्सम ही बाल्सम फर या उत्तर अमेरिकेतल्या झाडाच्या सालीतली राळ. मधासारखी, फिकट पिवळी. वाळल्यावर काचेसारखी होते आणि प्रकाशही जवळजवळ काचेइतकाच वाकवते, म्हणून नजर मध्ये अडखळत नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या बाल्सममधल्या स्लाइड संग्रहालयांत आजही वापरात आहेत. नवी जात लिहिणाऱ्याला हे टिकणंच हवं असतं. वर्णन कागदावर असलं तरी नाव बांधलेलं असतं ते एका नमुन्याला, होलोटाइपला. २००० सालापासून तर होलोटाइप कोणता आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे, हे छापल्याशिवाय नव्या जातीचं नावच ग्राह्य धरत नाहीत. पन्नास वर्षांनी कुणाला शंका आली तर त्याने तीच मादी पुन्हा पाहायची. तिच्याजागी स्फटिक दिसले तर त्याने काय करायचं?

आता वापराचं. बाल्समला पाण्याचा थेंबही चालत नाही. किडा आधी पाच टक्के कॉस्टिक सोड्यात ठेवून, पोटाला बारीक टाचणीने भोक पाडून आतला ऐवज हलकेच बाहेर काढायचा. मग पाणी, मग चढत्या क्रमाने अल्कोहोल, शेवटी शुद्ध अल्कोहोल आणि त्यानंतर लवंगेचं तेल. (दाढदुखीचा वास खोलीत दिवसभर राहतो, मला तो आवडायला लागला आहे.) कव्हर स्लिपवर (स्लाइडवर झाकायच्या पातळ काचेवर) बाल्समचा थेंब घ्यायचा, किडा त्यात पोट वर करून ठेवायचा, टाचणीने पंख आणि शृंगिका पसरायच्या आणि वरून स्लाइड उलटी टेकवून उचलायची. हे पहिल्या दहा वेळा जमत नाही. थेंब मोठा घेतला तर किडा कडेला वाहत जातो, फार लहान घेतला तर हवेचा बुडबुडा नेमका डोक्यावर बसतो.

आणि वाळायला वेळ लागतो. चाळीस अंशांच्या उबेत तीन आठवडे तरी. मी लाकडी खोक्यात बल्ब लावून ही सोय केली आहे. डीपीएक्स हे कृत्रिम राळेचं माध्यम फार लवकर वाळतं हे खरं, पण वाळताना आकसतं आणि कडेने हवा आत ओढतं. फुलकिड्यासाठी मी ते घेणार नाही.

बाल्समचा मोठा गुण हा की चूक सुधारता येते. झायलीनमध्ये स्लाइड बुडवून ठेवली की राळ विरघळते आणि किडा सुटा होतो. मागच्या वर्षी शेवग्यावर एक फिकट मादी सापडली. नवीच जात, असं वाटून माझी झोप उडाली होती. पंखावर पंख चढला होता, म्हणून स्लाइड सोडवून पुन्हा बसवली. पीएच.डी. करणारी माझी जुनी विद्यार्थिनी घरी आली, दोघींनी आळीपाळीने केस मोजले. ती म्हणाली, "मॅडम, ही हवाईएन्सिसच. रंगावर जाऊ नका." थ्रिप्स हवाईएन्सिस ही रंगाने बरीच बदलणारी जात. तिला आणि तिच्यासारख्याच दिसणाऱ्या थ्रिप्स फ्लोरमला, दोघींना १९१३ सालीच नाव मिळालं आणि तेव्हापासून लोक त्यांच्यात गोंधळत आले आहेत. नव्या नावाचा एक गोंधळ माझ्या हातून वाढला नाही, तो त्या पुन्हा बसवलेल्या स्लाइडमुळे.

उणिवाही सांगते. अगदी फिकट जातींचे सूक्ष्म केस बाल्सममध्ये बुडून जातात, सूक्ष्मदर्शकाला फेज कॉन्ट्रास्टची (पारदर्शक भाग ठळक दाखवण्याची) सोय नसेल तर डोळे शिणतात. जुना माल गडद पिवळा असतो. माझी पहिली बाटली एका दुकानातून आली ती चहाच्या रंगाची आणि तार धरण्याइतकी घट्ट होती, ती मी परत केली. बाटली उजेडासमोर धरून, तिरकी करून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. झायलीन घालून पातळ करताना खिडकी उघडी आणि गॅस बंद. झाकणाच्या आट्या दर वेळी पुसा, नाहीतर झाकण चिकटून बसतं.

यंदा मोठी बाटली घेणार नाही. एका स्लाइडला एक थेंब लागतो, आणि मोठी बाटली अर्धी होईतो उरलेला बाल्सम दाटतो. लहान दोन सांगणार आहे. शेवंतीचा हंगाम आला की लागतीलच.