ओट्याचं ग्रॅनाइट कापणाऱ्यांसाठी पी-१०० मास्क

मी ओट्याचं ग्रॅनाइट कापून बसवतो. दोन्ही बाजूंना गुलाबी फिल्टर असलेला हा रबरी मास्क अडीच हजारांच्या आसपास पडला. आमच्या लायनीत सगळे तोंडाला रुमालच बांधतात आणि सिलिकाची, म्हणजे दगडातल्या एका खनिजाची, बारीक धूळ त्यातून सरळ आत जाते.

घेतला तो मामांमुळे. त्यांनीही आयुष्यभर दगडच कापला. आधी सांधे धरले, मग लघवीतून रक्त. किडनीच्या डॉक्टरांनी 'अँका व्हॅस्क्युलायटिस' सांगितलं. यात शरीराची प्रतिकारशक्तीच बारीक रक्तवाहिन्यांवर उठते. काम काय करता, हे त्यांनी खोदून विचारलं. सिलिकाच्या धुळीत राबणाऱ्यांना हा आजार होण्याचा धोका जास्त, पण तुम्हाला त्यानेच झाला असं छातीठोक सांगता येत नाही, म्हणाले. मला तेवढं पुरे होतं.

आता मास्क. पी-१०० म्हणजे निदान ९९.९७ टक्के बारीक कण अडतात, एन-९५ मध्ये ९५ टक्के. दाढी असेल तर मात्र पैसे पाण्यात, कड चेहऱ्याला बसतच नाही. मी दाढी काढली, बायको दोन दिवस हसत होती. उन्हाळ्यात आत घामाचं तळं होतं. गिऱ्हाइकाशी बोलायला काढावा लागतो, आणि नेमकी तेव्हाच धूळ उडत असते. मास्क आहे म्हणून कटरवर पाणी सोडायचं थांबवू नका.

कृत्रिम क्वार्ट्झच्या लादीत सिलिका ९० टक्क्यांच्या आसपास असू शकते. ऑस्ट्रेलियाने तर १ जुलै २०२४ पासून तिच्यावर बंदीच घातली. ते काम मी हा मास्क असूनही घेत नाही.

चार स्टार. एक घामाचा कापला.