खिडकीजवळचं टेबल

आमच्या लग्नाला सहा वर्षं झाली, तेव्हापासूनचा नेम आहे. महिन्यातून एकदा शहराच्या एखाद्या नव्या भागात जायचं आणि आधी कधीच न गेलेल्या हॉटेलात जेवायचं. एका महिन्यात निवड माझी, पुढच्या महिन्यात नवऱ्याची. जो निवडेल त्याने बुकिंग करायचं, बिल दुसऱ्याने भरायचं. फोनमध्ये यादी ठेवली आहे, तिच्यात प्रत्येक जागेला दोघं गुण देतो आणि परतीच्या वाटेवर त्या गुणांवरून भांडतो.

हे सांगायचं कारण, या बाबतीत आम्ही नवखे नाही. पाच तारे दिलेले अभिप्राय मी वाचतच नाही. ३ तारेवाले वाचते, खरं बोलणारी माणसं बहुधा तिथे सापडतात. हॉटेलने टाकलेले झगमगीत फोटो सोडून गिऱ्हाइकांनी काढलेले वाकडेतिकडे फोटो बघते. एवढी चाळण लावून निवडलेली जागा चांगलीच निघाली. फसलो ते भलतीकडेच.

त्या महिन्यात पाळी माझी होती. जुन्या इमारतीतलं, वरच्या मजल्यावरचं हॉटेल, मोठ्या खिडक्या. सगळं वाचून झालं आणि नकाशावर त्या हॉटेलच्या नावाखाली जो नंबर दिसला तो मी सरळ दाबला. तो तपासायचा असतो हे डोक्यातही आलं नाही.

पलीकडचा माणूस इतका अदबीने बोलत होता की मी खूशच झाले. किती जण, काही खास प्रसंग आहे का, खिडकीजवळ चालेल का, कोणाला काही पथ्य? मग म्हणाला, "मॅडम, सुट्टीच्या दिवशी खिडकीचं टेबल हवं असेल तर थोडी आगाऊ रक्कम लागते. बिलातून वजा होईल." रक्कम अगदी किरकोळ. त्याने लिंक पाठवली, पानावर हॉटेलचं नाव, तेच फोटो. कार्डाचा १६ आकडी नंबर भरला, मागचे ३ आकडेही भरले. "कोड आला की मला सांगा, मी इथून कन्फर्म करतो. टेबल १० मिनिटंच धरून ठेवता येतं."

आता इथे जरा थांबून सांगते. फोन स्पीकरवर होता. मेसेज आला तो स्क्रीनच्या वरच्या कडेला पट्टीसारखा. त्या पट्टीत पहिली ओळ तेवढी दिसते आणि पहिल्या ओळीत कोड होता. रक्कम दुसऱ्या ओळीत. मी मेसेज उघडलाच नाही, पट्टीवरचे सहा आकडे वाचून दाखवले. मी दिवसभर ऑफिसात हिशेबाचंच काम करते, दुसऱ्यांच्या बिलांतली चूक मला लांबून दिसते. आणि इथे सांगितलेल्या रकमेपुढे एक शून्य जास्त होतं, ते पैसे गेल्यावर दिसलं.

मी ओरडले तर तो माझ्याहून जास्त घाबरल्यासारखा. "अरेरे, सिस्टीमची चूक आहे मॅडम, लगेच परत करतो, परताव्यासाठी आणखी एक कोड येईल." आणि मी तोही सांगितला! मग म्हणाला, एक छोटं अ‍ॅप टाकून घ्या, म्हणजे मला तुमची स्क्रीन दिसेल. एवढ्यात नवरा आतल्या खोलीतून आला. "अगं, पैसे परत यायला कोड कशाला लागतो?" त्याने हातातून फोन घेतला आणि कट केला. ते अ‍ॅप टाकलं असतं तर पुढचे कोड मला वाचून दाखवायचीही गरज उरली नसती, त्याला घरबसल्या दिसले असते.

कार्डामागच्या नंबरवर फोन करून कार्ड बंद केलं, तक्रारीचा क्रमांक लिहून घेतला. दुसरा व्यवहार बँकेने अडवला. पहिला गेला तो गेलाच. कोड तुम्हीच दिला होता ना, हे वाक्य चार वेगवेगळ्या माणसांकडून ऐकलं. पोलिसांतही तक्रार दिली आहे. कॉलची नोंद, लिंक, मेसेज, काही पुसू नका. रागाच्या भरात मी ती लिंक पुसायला निघाले होते.

ती लिंक नंतर नीट बघितली. पत्त्याच्या सुरुवातीला हॉटेलचं नाव होतंच, म्हणून तर फसले. साइटचं खरं नाव असतं ते ‘डॉट कॉम’सारख्या शेपटीला लागून, तिच्या लगेच डावीकडे. त्याच्याही आधी टिंब देऊन कोणीही कोणाचंही नाव लावू शकतो. शेपटीजवळ एक अर्थहीन अक्षरांची गुंतवळ होती. कुलपाचं चिन्हही होतं. त्याचा अर्थ एवढाच, की तुमची माहिती मध्ये कोणी वाचणार नाही. पलीकडे चोर बसला असेल तर ती सुखरूप त्याच्याकडे पोचते.

दोन दिवसांनी आम्ही त्या हॉटेलात गेलो, भांडायच्याच तयारीने. काउंटरवरच्या मॅनेजरने आमचं अर्धंच ऐकलं आणि आपला फोन काढून नकाशावरचं पान दाखवलं. नंबर त्यांचा नव्हता. नकाशावर दुकानाची माहिती चुकीची वाटली तर दुरुस्ती कोणालाही सुचवता येते. दुकानं हलतात, बंद होतात, म्हणून ती सोय. कोणीतरी त्याच वाटेने नंबर तेवढा बदलला होता. हॉटेल खरं, फोटो खरे, अभिप्राय खरे. मॅनेजरने नंबर एकदा दुरुस्त करून घेतला होता, पुन्हा बदलला गेला. आमच्याआधी आणखी तिघं येऊन त्याच्यावर ओरडून गेले होते, आणि त्यातल्या एकाने रागाने १ तारा दिला होता. तो अभिप्राय मी निवड करताना वाचला होता. ‘बुकिंगच्या नावाखाली लुटतात,’ एवढंच लिहिलं होतं. कोणीतरी चिडकं असेल म्हणून पुढे सरकले.

"आगाऊ रक्कम आम्ही कोणाकडूनच घेत नाही," मॅनेजर म्हणाला आणि आम्हाला आत घेऊन गेला. खिडकीजवळची तीन टेबलं रिकामी होती.