जवळ्याची पूड : गेल्या उन्हाळ्यापासूनचा वापर

सासूबाईंना आता मटण चावत नाही आणि डाळीचा कंटाळा येतो. डॉक्टरांनी प्रोटीन वाढवायला सांगितलं, तेव्हापासून आमच्याकडे कुस्करलेल्या भाकरीवर रोज जवळ्याची, म्हणजे कोळंबीसारख्या बारीक सुक्या मासळीची, पूड पडते. सोलापुरात शेंगाचटणी असतेच, तिच्यात ही पूड मिसळली की त्या दोन घास जास्त खातात.

बाजारातली सुटी पूड, ऑनलाइन मागवलेलं पाकीट आणि घरी केलेली पूड, असे तिन्ही प्रकार वापरून झाले.

सुटी पूड स्वस्त, पण दाताखाली कचकच लागते. काचेच्या ग्लासात चमचाभर पूड पाण्यात ढवळून ठेवली, तर तळाशी राखाडी थर बसला. बोटांत चोळून पाहिला तर सरळ वाळू! जवळा किनाऱ्यावर उघड्या जमिनीवर वाळवला की रेती येणारच. अख्ख्या जवळ्यात ती चाळून निघते, दळल्यावर मात्र दिसत नाही, वजनात तेवढी भरते. सुटी पूड मी आता अजिबात घेत नाही.

पाकिटावर शंभर ग्रॅमला साठ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन छापलेलं होतं. चांगला वाळलेला जवळा तेवढा भरतो, आकडा खोटा नाही. पण प्रयोगशाळेत प्रोटीन ठरवताना साधारणपणे नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणतात, आणि जवळ्याच्या कवचातल्या कायटिनमध्येही नायट्रोजन असतो. म्हणजे अंगी न लागणारा थोडा भाग त्या आकड्यात धरला जातो. शिवाय आपण खातो चमचाभर, पाचेक ग्रॅम. त्यातून फार तर तीन ग्रॅम प्रोटीन मिळतं, अंड्याच्या निम्मं. "प्रोटीनचा खजिना" वगैरे जाहिरात वाचून कुणी आजारी माणसाची अंडी, दूध बंद करू नये, एवढं कळकळीने सांगते.

तरीही ही पूड मला मोलाची वाटते, कारण ज्वारीच्या प्रोटीनमध्ये लायसीन हा शरीराला लागणारा घटक कमी असतो आणि मासळीत तो भरपूर. भाकरीत जे उणं आहे तेच नेमकं इथून मिळतं. जवळा कवचासकट खाल्ला जात असल्याने कॅल्शियमही मिळतं.

पाकिटाच्या मागे सोडियम जरूर बघा. त्याला अडीचने गुणलं की मीठ कळतं. दिवसभरात सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत मीठ असावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. खारवलेल्या बांगड्याची पूड म्हणूनच रक्तदाबवाल्यांनी टाळावी.

आता घरीच करते. अख्खा जवळा घेते. तो चाळायचा, निवडायचा, पाण्यातून झटकन काढायचा आणि जाळीखाली उन्हात वाळवायचा. सोलापूरचं ऊन त्याला पुरेपूर आहे. मग मंद आचेवर तव्यात कुरकुरीत भाजून मिक्सरला फिरवायचा. एकावेळी छोटी बरणीच भरते, तीही फ्रिजमध्ये ठेवते. पावसाळ्यात बाहेर ठेवलेल्या पाकिटातल्या पुडीचे गोळे झाले आणि खवट वास सुटला, ती टाकून द्यावी लागली.

कोळंबीची अॅलर्जी असेल त्यांनी जवळ्याची पूड चाखूनही बघू नये, भाजल्याने अॅलर्जी टळत नाही. यूरिक अॅसिड वाढलेलं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती रोजच्या ताटात घेऊ नका.