व्हिटॅमिन ई ४००: अँजिओप्लास्टीनंतरच्या डब्यातली हिरवी कॅप्सूल

अँजिओप्लास्टी होऊन घरी आलेल्या माणसाच्या गोळ्यांच्या डब्यात अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि अटोरवास्टॅटिनच्या शेजारी बऱ्याचदा एक मऊ हिरवी कॅप्सूल दिसते. डॉक्टरांच्या चिठ्ठीत ती नसते. ‘नसा मोकळ्या राहतात’ असं कुणीतरी सांगितलेलं असतं, आणि केमिस्टही काही न विचारता पट्टी काढून देतो. केस आणि त्वचेचं आम्ही इथे बोलत नाही. हृदयरुग्णाच्या रक्तवाहिन्यांसाठी या कॅप्सूलला आमच्याकडून पाचपैकी शून्य.

मुळातली कल्पना मात्र वेडगळ नव्हती. रक्तवाहिनीचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करतं, त्यामुळे वाहिनी सैल होऊन रुंदावते. एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, भिंतीत शिरून ऑक्सिडाइझ झालं की हे काम बिघडतं. व्हिटॅमिन ई आणि सी अँटिऑक्सिडंट आहेत, तेव्हा ती हे ऑक्सिडेशन रोखतील असा तर्क होता. अस्तराचं काम मोजायला हाताला पट्टा बांधून पाच मिनिटं रक्तप्रवाह रोखतात, पट्टा सोडतात आणि दंडातली धमनी किती रुंदावते ते सोनोग्राफीवर बघतात. १९९६ मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी हृदयरुग्णांना २ ग्रॅम व्हिटॅमिन सी एकदाच दिलं, तर दोन तासांनी धमनी आधीपेक्षा चांगली रुंदावली. त्याच वर्षी केंब्रिजच्या ‘केऑस’ चाचणीत २,००२ रुग्णांपैकी व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत जीवघेणे नसलेले झटके खूपच घटले. मृत्यू मात्र घटले नव्हते. जाहिरातीत अर्थातच पहिलाच भाग आला.

पुढे मोठ्या चाचण्या झाल्या आणि फुगा फुटला. ‘होप’ चाचणीत साडेनऊ हजारांवर रुग्णांपैकी निम्म्यांना साडेचार वर्षं रोज ४०० युनिट व्हिटॅमिन ई दिलं, फरक शून्य. त्याच चाचणीतल्या रामिप्रिल या रक्तदाबाच्या औषधाने मात्र झटके आणि मृत्यू दोन्ही कमी केले. ब्रिटनच्या हार्ट प्रोटेक्शन स्टडीत २०,५३६ जणांपैकी निम्म्यांना ६०० मिलिग्रॅम ई, २५० मिलिग्रॅम सी आणि २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन पाच वर्षं दिलं, तेव्हाही तेच. ‘होप’चे रुग्ण पुढे सात वर्षांपर्यंत पाहिले, तर ई घेणाऱ्यांत हार्ट फेल्युअरचं प्रमाण थोडं जास्तच निघालं.

असं का? एक कारण रसायनातच आहे. नायट्रिक ऑक्साइडला नष्ट करणारा सुपरऑक्साइड (शरीरात तयार होणारा ऑक्सिजनचा एक आक्रमक प्रकार) त्याच्यावर इतक्या झटपट झडप घालतो की व्हिटॅमिन मध्ये पडेपर्यंत काम झालेलं असतं. शिवाय दोन तासांसाठी धमनी रुंदावणं वेगळं आणि वर्षानुवर्षं साचलेला थर फुटण्यापासून रोखणं वेगळं. २००१ च्या एका अमेरिकी चाचणीत तर सिमव्हास्टॅटिन-नियासिन या कोलेस्टेरॉलच्या औषधांसोबत ई, सी, बीटा कॅरोटीन आणि सेलेनियम दिल्यावर त्या औषधांनी वाढणारं चांगलं कोलेस्टेरॉलच कमी वाढलं. ‘घेतली तर काय बिघडतं?’ असं विचारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

पट्टी हातात असेल तर आधी लेबल वाचा. ४०० हा आकडा काही पट्ट्यांवर मिलिग्रॅमचा असतो, काहींवर युनिटचा. नैसर्गिक, म्हणजे ‘डी-अल्फा’, प्रकारात ४०० युनिट म्हणजे सुमारे २६८ मिलिग्रॅम. ‘डीएल’ लिहिलेलं असेल तर ते कृत्रिम. अमेरिकी शिफारशीनुसार प्रौढाची रोजची गरज आहे १५ मिलिग्रॅम. डब्यावर १४ आकडी एफएसएसएआय (अन्न नियामक संस्थेचा) क्रमांक आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ असा इंग्रजी मजकूर असेल, तर ते उत्पादन कायद्याच्या दृष्टीने औषध नाहीच. मग पुढच्या बाजूला कितीही मोठं लाल हृदय छापलेलं असो.

खरी अडचण रक्त पातळ करणाऱ्या औषधांशी आहे. कृत्रिम झडपेसाठी किंवा एट्रियल फिब्रिलेशनसाठी (हृदयाचे ठोके अनियमित पडणं) अ‍ॅसिट्रोम वा वॉरफरिन चालू असेल, तर जास्त मात्रेतल्या ई मुळे आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, वर जाऊ शकतो. अ‍ॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेलच्या जोडीवरही रक्तस्रावाची शक्यता वाढते. हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग, काळी शौच अशी लक्षणं दिसली तर डॉक्टरांना लगेच कळवा. बीटा कॅरोटीनवाली ‘अँटिऑक्सिडंट’ कॅप्सूल बिडी-सिगारेट ओढणाऱ्याने अजिबात घेऊ नये: फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवरच्या चाचणीत ती घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त आढळला. चघळायची व्हिटॅमिन सी ५०० त्या मानाने सौम्य, पण मुतखड्याचा इतिहास असेल तर रोज नको. दंडावर ग्लुकोज सेन्सर लावणाऱ्यांनी त्याचं माहितीपत्रक बघावं. काही सेन्सर सी च्या मोठ्या मात्रेने साखर खोटी जास्त दाखवतात.

अँटिऑक्सिडंट म्हणूनच विकल्या जाणाऱ्या कोएन्झाइम क्यू१० या पूरकाचं प्रकरण वेगळं आहे. हार्ट फेल्युअरमध्ये त्याच्या बाजूने थोडा पुरावा आहे, पण तो निर्णय कार्डिओलॉजिस्टचा.

आधीच घेत असाल तर ई हळूहळू कमी करावं लागत नाही, सरळ बंद करता येतं. अ‍ॅसिट्रोमवर असाल तर मात्र आधी डॉक्टरांना सांगा आणि बंद केल्यावर आयएनआर पुन्हा तपासून घ्या. मूठभर (३० ग्रॅम) बदामांतून सुमारे ७ मिलिग्रॅम ई मिळतं, आणि मध्यम आकाराच्या एका पेरूतून दिवसभराला पुरून उरेल इतकं सी.