रेडकॅप टॅगचं लोकेशन: २० मेगाहर्ट्झ, १०० मेगाहर्ट्झ की जागा पाहून?

कारखान्यात स्वतःचं ५जी नेटवर्क बसवलं, की पुढची मागणी ठरलेली असते: ट्रॉल्या, पॅलेट, क्रेट कुठे आहेत तेही याच नेटवर्कवर दिसू दे. मग प्रश्न येतो, लोकेशन काढताना मालावर लावलेल्या टॅगनं, म्हणजे छोट्या रेडिओनं, किती बँडविड्थ (फ्रिक्वेन्सीचा किती रुंद पट्टा) वापरायची? मी हेच काम करतो, त्यामुळे माझं मत आधीच सांगतो. माल एकाच तऱ्हेच्या जागेत फिरत असेल तर एकच सेटिंग ठेवा. मोकळं यार्ड आणि रॅकनं भरलेली शेड अशा दोन्हींत फिरत असेल, तर जागेप्रमाणे बँडविड्थ बदलणारी पद्धत घ्या.

३.५ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या बँडमध्ये नेहमीचा ५जी फोन एका वेळी १०० मेगाहर्ट्झपर्यंत ऐकू शकतो. मोबाइल नेटवर्कची मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीच्या रिलीज १७ मध्ये (रिलीज म्हणजे मानकांची आवृत्ती) आलेला कमी क्षमतेचा रेडकॅप प्रकार २० वर थांबतो, आणि आपले टॅग याच प्रकारचे. त्याचा रेडिओ साधा आणि स्वस्त राहतो तो त्यामुळेच.

या २० चं शेडमध्ये काय होतं ते बघा. अँटेनाकडून एक लहर थेट येते, दुसरी लोखंडी रॅकवर आपटून ६ मीटर जास्त चालून येते. रेडिओलहर एका नॅनोसेकंदात ३० सेंटीमीटर जाते, म्हणजे दुसरी २० नॅनोसेकंद उशिरा पोचली. २० मेगाहर्ट्झवर साधारण ५० नॅनोसेकंदांच्या आतल्या दोन लहरी सुट्या दिसत नाहीत. दोन्ही मिळून एकच फुगवटा होतो आणि क्रेट शेजारच्या ओळीत दिसतो. १०० मेगाहर्ट्झवर ही मर्यादा १० नॅनोसेकंदांवर येते, त्यामुळे थेट लहर वेगळी ओळखता येते. यार्डात मात्र आडवं काही नसतं. तिथे एकाच स्वच्छ लहरीचं टोक पकडायचं असतं, आणि ते २० वरही छान पकडता येतं.

२० चा रेडिओ १०० ऐकणार कसा? रिलीज १८ नं त्यासाठी फ्रिक्वेन्सी हॉपिंग दिलं. टॅग २०-२० चे तुकडे एकामागून एक ऐकतो (प्रत्येक तुकडा म्हणजे एक हॉप) आणि मग ते जोडले जातात. जोड नीट बसावा म्हणून तुकडे एकमेकांवर थोडे चढवावे लागतात. याची किंमत बॅटरी देते, कारण रेडिओ जास्त वेळ जागा राहतो. आणि टॅग हलत असेल तर जोडच बिघडू शकतो. ताशी १० किलोमीटरनं जाणारी फोर्कलिफ्ट १० मिलिसेकंदांत जवळपास ३ सेंटीमीटर पुढे सरकते. ३.५ गिगाहर्ट्झची लहर साडेआठ सेंटीमीटरची, म्हणजे तुकडे गोळा होईपर्यंत टॅग तिच्या एक तृतीयांश सरकला. म्हणून ‘सगळीकडे १००’ हा सल्ला मला पटत नाही. रॅकवर स्थिर पडलेल्या मालाला तो उत्तम. धावत्या फोर्कलिफ्टसाठी थोडेच आणि झटपट हॉप घेतलेले बरे.

जागेप्रमाणे बदलणाऱ्या पद्धतीत टॅग ढोबळमानानं कुठे आहे हे आधी पाहिलं जातं: कोणत्या सेलला जोडलाय, शेवटचं लोकेशन काय होतं. त्यावरून झोन ठरतो आणि झोनवरून हॉप किती ते ठरतं. यार्डात एक तुकडा, रॅकमध्ये सगळे. बॅटरी लागते तिथेच खर्च होते. हे प्रत्येक विक्रेत्याकडे तयार मिळेल असं धरून चालू नका. ऑर्डरमध्ये लिहून घ्या.

या पद्धतीतली खरी मेख दाराशी आहे. टॅग आत आला, पण ढोबळ अंदाज अजून ‘यार्ड’च म्हणतोय. मग मोजणी अरुंद होते, रॅकच्या परावर्तनांमुळे उत्तर चुकतं, आणि ते चुकीचं उत्तर पुन्हा ‘यार्ड’कडेच बोट दाखवतं. चूक स्वतःलाच दुजोरा देत राहते. एका शेडमध्ये मी याच्यापायी दोन दिवस घालवले आहेत. त्यावर उपाय असा: शंका असेल तिथे रुंद मोजणी, आत जाण्याची आणि बाहेर पडण्याची सीमा वेगवेगळी, आणि यार्डातल्या टॅगचीही ठरावीक वेळानं एक पूर्ण मोजणी.

क्रेट अर्ध्या मीटरच्या आत सापडायला हवा असेल तर यातलं काहीच घेऊ नका, यूडब्ल्यूबी (अल्ट्रा-वाइडबँड) या वेगळ्या रेडिओ तंत्राकडे जा. त्याची बँडविड्थच किमान ५०० मेगाहर्ट्झ असते. फक्त अँकर (टॅगचं अंतर मोजणारी, एका जागी बसवलेली उपकरणं) आणि त्यांचं वायरिंग वेगळं करावं लागेल. पत्र्याखाली जीपीएसवर भिस्त ठेवू नका. यार्डापुरतं ते ठीक.

अजून एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. लहरी पोचण्याच्या वेळेतल्या फरकावरून लोकेशन काढत असाल आणि बेस स्टेशनांची घड्याळं १० नॅनोसेकंदांनी जुळत नसतील, तर ३ मीटरची चूक तिथेच आली. ती कितीही बँडविड्थनं भरून निघत नाही. अशा वेळी सिग्नलच्या जाण्यायेण्याचा वेळ मोजणारी मल्टी-आरटीटी पद्धत मागा.

डेमोला विक्रेता टॅग शेडच्या मधोमध ठेवून दाखवेल. तुम्ही तो उचलून दारात ठेवा, अर्धा तास तसाच राहू द्या आणि झोन किती वेळा बदलला ते लॉगमध्ये मोजा. मग तोच टॅग फोर्कलिफ्टवर बांधून दारातून दहा फेऱ्या मारायला लावा.