युन्नानची चहाची चकती आणि लातूरचं पाणी

चीनच्या मेंगहाई कारखान्याच्या 'दायी' छापाची 7572 ही पु-अर, म्हणजे दाबून मुरवलेल्या चहाची चकती गेला हिवाळाभर आमच्या घरात आहे. दीडशे ग्रॅमची, 2018 च्या पहिल्या खेपेची. वेष्टनावर 1801 छापलंय, त्यावरून ते कळतं. मुंबईच्या एका विक्रेत्याकडून मागवली, कुरियर धरून तीन हजारांच्या आसपास पडली. एका बैठकीला सात ग्रॅम धरले तर एकशे चाळीसेक रुपये होतात. पण तेवढ्यात दोन माणसांची अख्खी दुपार निघते. मला तरी पैसे वसूल वाटले.

मी लातूरच्या अडतीवर तूर-हरभऱ्याचा माल बघतो. दाणा दाताखाली धरून ओल सांगायची, मूठ नाकाशी नेऊन पोत्याला पाणी लागलंय का ते ओळखायचं, हे रोजचं काम. त्यामुळं वेष्टन उघडल्यावर आधी वासच घेतला. कुबटपणा असता तर चकती त्याच दिवशी परत गेली असती. वास आला तो जुन्या लाकडाचा आणि खारकेचा, कोरडा आणि स्वच्छ. वरच्या अंगाला बारीक सोनेरी कळ्या, आत मोठी पानं, आणि मधोमध पानांतच दाबलेली कारखान्याची छोटी चिठ्ठी. चकतीचा मधला भाग मात्र फार घट्ट आहे. पातळ टोकाची सुरी कडेनं आडवी घालून थर सोडवावा लागतो. जोर केला तर पानांचा भुगा होतो.

हा चहा चीनच्या नैऋत्येला, म्यानमार आणि लाओसच्या सीमेवरच्या युन्नान प्रांतातला. झाड आपल्या आसामच्याच मोठ्या पानाच्या जातीचं. पानं कढईत परतून उन्हात वाळवतात, मग वाफ देऊन दाबतात. पूर्वी हा माल खेचरांच्या तांड्यांवर तिबेटपर्यंत जायचा आणि दाबलेला चहा लादायला सोपा पडायचा. 'कच्चा' पु-अर असाच ठेवून वर्षानुवर्षं मुरवतात. इतकं थांबायला नको म्हणून 1973 मध्ये युन्नानची राजधानी कुनमिंग इथल्या कारखान्यात दुसरी रीत बसवली आणि मेंगहाईनंही ती उचलली. वाळलेल्या पानांचा मोठा ढीग घालायचा, त्यावर पाणी मारायचं, वरून झाकायचं. आत बुरशी आणि जिवाणू कामाला लागतात, ढीग पन्नास-साठ अंशांपर्यंत तापतो, मधून मधून तो उलथतात, आणि दीड-दोन महिन्यांत पान काळपट होऊन तयार होतं. हा 'पिकवलेला' पु-अर. ओल्या तुरीची थप्पी आतून तापते तसंच हे तापणं. आमच्याकडं थप्पी तापली की माल गेला म्हणून समजायचं, आणि तिथली माणसं तीच ऊब हातानं चाचपून, बरोबर वेळी ढीग फोडून, त्यातून गोडी काढतात. हे वाचलं तेव्हापासून त्या कारागिरांबद्दल मला फार आदर आहे.

7572 याच रीतीचा. पहिल्या 75 मध्ये मिश्रण ठरलं ते 1975 साल, 7 हा पानाचा दर्जा, शेवटचा 2 म्हणजे मेंगहाई कारखाना.

आता पाणी. आमच्या बोअरचं पाणी जड आहे. त्यात हा चहा मुका होतो, वर तवंग धरतो. आरओच्या जारचं पाणी घेतलं की चव मोकळी होते. पाणी मात्र खळखळ उकळतंच हवं. सव्वाशे मिलीच्या झाकणाच्या वाटीत सात ग्रॅम चहा टाकायचा, उकळतं पाणी ओतून लगेच फेकून द्यायचं. पानं धुतली जातात आणि उघडतात. मग पुन्हा उकळतं पाणी ओतून दहा सेकंदांत गाळायचं. दुसरं पाणीही तेवढंच, पुढं थोडा थोडा वेळ वाढवत जायचं. आठ-नऊ पाणी सहज निघतात. इतका व्याप नको असेल तर अर्ध्या लिटरच्या थर्मासात चार ग्रॅम टाकून धुऊन घ्या, उकळतं पाणी भरा आणि तासाभरानं प्या. आमच्या घरी हेच जास्त होतं.

रंग कॉफीसारखा काळसर, पण कडवटपणा जवळपास नाही. पहिल्या पाण्याला ओल्या लाकडाची चव येते. तिसऱ्या-चौथ्या पाण्याला तो दाट होतो, जिभेवर मऊ बसतो, आणि गिळल्यावर घशात खजुराची गोडी मागं राहते. नव्या पिकवलेल्या चहाला ढिगाचा, काहीसा मासळीसारखा दर्प असतो. इतक्या वर्षांत इथं तो गेलाय. सहाव्या पाण्यानंतर चव साधी, नुसती गोडसर होते. यापेक्षा जास्त पदर हवे असतील तर हा तुमचा चहा नाही.

आईनं पहिला घोट घेऊन विचारलं, "ह्यात दूध घालायचं राहिलं का रे?" आता येसर आमटी आणि भाकरी झाली की तीच म्हणते, "ते काळं पाणी ठेव बाबा." तेलकट-तिखट जेवणावर हा खरोखर छान बसतो. रात्री उशिरा मात्र देत नाही, कॅफिन यातही आहे. वजन उतरेल या आशेनं कुणी घेऊ नये, चवीसाठी घ्यावा.

मुरवायला म्हणून कच्ची चकती घेऊन ठेवावी का, असं दोघा-तिघांनी विचारलं. मराठवाड्यात नको. हा चहा बदलतो तो हवेतल्या ओलाव्यावर. हाँगकाँग-ग्वांगडोंगच्या दमट हवेत तो लवकर मुरतो, कुनमिंगच्या कोरड्या हवेत सावकाश. आपल्याकडं पावसाळा सोडला तर हवेत ओल असते किती? एप्रिल-मे मध्ये तर पान नुसतं सुकत बसेल. त्यापेक्षा दमट जागी मुरलेला पिकवलेला घ्या, कागदातच ठेवा, आणि मसाल्याचा डबा व देवघरातली उदबत्ती यांपासून लांब ठेवा. चहा वास पटकन ओढतो. पहिल्यांदा घेताना 357 ग्रॅमची मोठी चकती नको. विक्रेता वीस-पंचवीस ग्रॅम नमुना देत असेल तर तो मागा, आणि खेपेचा आकडा दाखवत नसेल तर दुसरीकडं बघा.