दुकानातला स्वस्त फ्रोझन पिझ्झा: काही महिन्यांच्या वापरानंतर

नाशिकमध्ये इंदिरानगरला राहतो, घरात दोघंही नोकरीला आणि लेक संध्याकाळी क्लासवरून येते ती भुकेजलेलीच. त्यामुळे उन्हाळ्यापासून आमच्या फ्रीझरमध्ये शंभर-सव्वाशे रुपयांचा फ्रोझन पिझ्झा असतोच. वेगवेगळ्या कंपन्यांचे आलटून-पालटून आणले. नावं देत नाही, कारण कंपनीपेक्षा दुकानाच्या फ्रीझरनेच जास्त फरक पडला.

हा माल उणे 18 अंशांवर राहायला हवा. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये सगळी दुकानं ते पाळतात असं वाटत नाही. बॉक्सच्या आत बर्फाचे खडे वाजत असतील किंवा सगळं टॉपिंग एका बाजूला सरकून गोठलेलं असेल, तर तो मधे कधीतरी वितळलाय. असा बेस भाजल्यावरही चामट लागतो. मी बिलाच्या रांगेत लागायच्या आधी, अगदी शेवटी पिझ्झा उचलते आणि पिशवीत गोठलेल्या मटारच्या पाकिटांमध्ये ठेवते.

मायक्रोवेव्हमध्ये करूच नका. बेस वातड होतो आणि दोन मिनिटांत गार पडला की दातांना व्यायाम. ओटीजी (छोटा विजेचा ओव्हन) असेल तर आधी चांगला तापवून घ्या. आमच्याकडे आता जाड तवाच चालतो. पिझ्झा फ्रीझरमधून थेट तव्यावर, मंद आच, वर झाकण. खालून खरपूस व्हायला लागला की कडेला चमचाभर पाणी सोडायचं आणि लगेच झाकायचं. त्या वाफेवर चीज वितळतं. ही युक्ती सासूबाईंची. पिझ्झा त्या स्वतः खात नाहीत, पण तव्यावर काय कधी उलटायचं नि कधी झाकायचं, हे त्यांच्याकडूनच शिकावं.

आता चीजबद्दल. पाकिटामागची घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. मैदा पहिला, ते ठीकच. पण चीजऐवजी 'ॲनालॉग' लिहिलं असेल, तर दुधाच्या स्निग्धांशाच्या जागी वनस्पती तेल, बरेचदा पामतेल. ते तार धरत नाही, नुसतं तुपकट होऊन पसरतं. किंमत वीस-तीस रुपयांनीच कमी असते, तेवढ्यासाठी ते घ्यावं असं मला तरी वाटत नाही. सोडियमचा आकडाही बघा: डब्ल्यूएचओच्या मते मोठ्यांना दिवसाला 2000 मिलिग्रॅमपेक्षा कमी पुरे. हा आकडा बहुतेक 100 ग्रॅमसाठी छापतात, तेव्हा अख्ख्या पिझ्झ्याचा हिशेब आपणच करायचा.

टॉपिंग सगळ्यांचंच दरिद्री. 'पनीर' म्हणून चार चौकोन, तेही रबरासारखे. सॉस मात्र आमच्या लेकीला आवडतो, मला गोडसर वाटतो. पिंपळगाव बसवंतचे टोमॅटो दारात येतात त्या गावात हा सॉस खायचा, हे थोडं विनोदीच आहे.

म्हणून साधा मार्गारिटा, म्हणजे नुसता सॉस आणि चीजवाला, घ्या. कांदा, शिमला मिरची पातळ चिरून आधी तव्यावर परतून वर टाका. कच्ची टाकली तर पाणी सुटतं नि बेस मऊ पडतो. मिरचीचा ठेचा ऐच्छिक, आमच्याकडे सक्तीचा.